आठ, बारा, सोळा : मूर्तीच्या मेणापासून कारखान्याच्या सामग्री-यादीपर्यंत

१/
मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरात गेलेल्या माणसाची नजर प्रथम दगडातील मूर्तींवर स्थिरावते. त्या घडविणाऱ्या शिल्पकाराचा हिशोब एका शिळेपुरता होता. शिळा निवडायची आणि नको तो भाग काढून टाकायचा. धातूची मूर्ती ओतणाऱ्याचे तसे नसते. भट्टी पेटण्यापूर्वीच त्याला ठरवावे लागते की काय लागेल, किती लागेल आणि कोणत्या क्रमाने लागेल. रस कमी पडला तर मूर्ती अर्धवट राहते आणि साचा तर आधीच वाया गेलेला असतो.

२/
आजच्या कारखान्यात या तीन प्रश्नांच्या लेखी उत्तराला ‘बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात, बोलीत ‘बीओएम’. मराठीत तिला सामग्री-यादी म्हणता येईल. उत्पादनाचे नियोजन करणारे सगळे सॉफ्टवेअर या यादीवर उभे असते. त्यामुळे ही कल्पना संगणकयुगातील आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मुखेडपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एका नगरात, जवळपास नऊशे वर्षांपूर्वी, अशी एक यादी श्लोकबद्ध झाली होती.

३/
ते नगर म्हणजे कल्याणी, आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. अकराव्या-बाराव्या शतकांत ही चालुक्यांची राजधानी होती आणि आजच्या नांदेड-लातूरचा मुलूख याच सत्तेखाली होता. सहाव्या विक्रमादित्यानंतर त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर गादीवर आला. त्याचा काळ सुमारे ११२६ ते ११३८. ‘भूलोकमल्ल’ हे त्याचे बिरुद. रणांगणापेक्षा विद्येत अधिक रमणारा राजा अशी त्याची ख्याती आहे.

४/
त्याच्या नावावर असलेला संस्कृत ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’, दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’. रचना इ.स. ११२९ च्या सुमाराची. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर. राज्यकारभार, हत्ती-घोडे, रत्नपरीक्षा, पाककला, संगीत, खेळ, सारे त्यात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातील. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो त्यामुळेच परिचित आहे. त्याच ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची कृती आहे, आणि ती मात्र फारशी वाचली जात नाही.

५/
या कृतीकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते सरसीकुमार सरस्वती यांनी १९३६ मध्ये लिहिलेल्या लेखाने. पद्धतीचे जुने नाव ‘मधूच्छिष्टविधान’. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. आधी मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. साचा फोडला की आत मेणाच्या मूर्तीची धातूतील प्रतिमा.

६/
ग्रंथातील तपशील कारागिराच्या शेजारी बसून लिहिल्यासारखा आहे. मेणाच्या मूर्तीला पाठीशी, खांद्यावर किंवा मुकुटाशी नळ्या जोडाव्यात. त्यांची तोंडे धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट असावीत. लेपासाठी मातीत जाळलेले तूस, अगदी बारीक कातरलेला कापूस आणि थोडे वाटलेले मीठ मिसळून सारे दगडावर घोटावे. पहिला लेप पातळ द्यावा आणि सावलीत वाळवावा. दोन दिवसांनी दुसरा. तो वाळल्यावर तिसरा, जाड. नळ्यांची तोंडे मात्र उघडी ठेवावीत.

७/
आणि मग येतो मुख्य नियम. मूर्तीचे मेण आधी तोलून घ्यावे. पितळेची किंवा तांब्याची मूर्ती करायची तर धातू मेणाच्या आठपट घ्यावा, रुप्याची तर बारापट, सोन्याची तर सोळापट. तो धातू मातीने वेढून नारळाच्या आकाराच्या मुशीत घालावा. आधी साच्यातील मेण वितळवावे, मग मूस तापवावी आणि रसाची अखंड धार नळीच्या तोंडात धरावी. नळी काठोकाठ भरली की थांबावे.

८/
हा नियम आकड्यांत मांडून पाहावा. समजा मेणाची मूर्ती ५०० ग्रॅम भरली. पितळ किंवा तांबे हवे ४ किलो, चांदी हवी ६ किलो, सोने हवे ८ किलो. मूर्ती दुप्पट वजनाची झाली की सारे आकडे दुप्पट. एका नियमातून कोणत्याही मापाच्या मूर्तीची गरज काढता येते. वरची वस्तू किती करायची हे ठरले की तिच्या पोटातील प्रत्येक घटकाची गरज गुणाकाराने निघते. आजचे नियोजन-सॉफ्टवेअर हेच करते आणि त्या क्रियेला यादीचा ‘स्फोट’ असे नाव आहे.

९/
साम्य येथेच थांबत नाही. एकाच मेणाच्या मूर्तीसाठी धातूनुसार वेगळी यादी, म्हणजे आजच्या भाषेत पर्यायी बीओएम. दोन लेपांमधले दोन दिवस हा कालावधीचा रकाना. मेण, तूस, कापूस आणि मीठ या अशा वस्तू की ज्या लागतात खऱ्या, पण तयार मूर्तीत त्यांचा कणही उरत नाही. तयार वस्तू उलगडून यादी बनवणारा नवशिका आजही हाच भाग विसरतो. समोर दिसते तेवढेच तो लिहितो. जे वापरले गेले आणि नाहीसे झाले ते त्याच्या यादीत येत नाही.

१०/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न : ही यादी बरोबर आहे का? सुदैवाने ती तपासता येते. ५०० ग्रॅम शुद्ध मेण सुमारे ५२० घनसेंटिमीटर जागा व्यापते. तेवढी पोकळी भरायला पितळ साधारण ४.४ किलो लागेल, तांबे ४.६ किलोंच्या वर, चांदी सुमारे ५.५ किलो आणि शुद्ध सोने सुमारे १० किलो. ग्रंथ सांगतो ४, ४, ६ आणि ८. म्हणजे पितळ थोडे कमी, तांबे त्याहून कमी, चांदी जास्त आणि सोने तब्बल दोन किलोंनी कमी.

११/
नळ्यांतही रस साठतो आणि तो भाग नंतर छाटावा लागतो. त्या नळ्या मेणासोबत तोलल्या नसतील तर तूट आणखी वाढेल. मग राजाचा ग्रंथ चुकला का? एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. मूर्तिकार मेणात राळ मिसळतात. स्वामीमलईच्या कारागिरांत ती रीत आजही आहे. राळेने मेण जड होते आणि पितळेचा आकडा आठाच्या अधिक जवळ येतो. सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळलेली असेल तर तेही हलके होते. सोळापट हे प्रमाण साधारण १८ कॅरट सोन्याशी जुळते.

१२/
आणखी एक शक्यता आकड्यांतच दडलेली आहे. आठ, बारा, सोळा. प्रत्येक पायरी चारची. असे आकडे तराजूतून सहसा येत नाहीत. ते पाठ करायला सोपे म्हणून टिकतात. म्हणजे हा नियम कारागिराच्या आरंभाचा अंदाज असावा, अखेरचे माप नव्हे. मेण कोणते, धातू किती शुद्ध, नळ्या किती जाड, हे पाहून तो मुशीत थोडे अधिक घालत असणार. ती दुरुस्ती हातात होती. श्लोकात उतरला तो मूळ नियम.

१३/
येथे एक हानी नोंदवावी लागते. ग्रंथाला राजाचे नाव मिळाले. ज्या ओतकामगारांच्या अनुभवातून हा नियम राजापर्यंत पोहोचला त्यांचे नाव त्यात नाही, आणि त्यांनी वेळोवेळी केलेला फेरही नाही. लिहिलेली यादी नऊ शतके टिकली आणि ती बरोबर ठेवणारी माणसे मात्र पुसली गेली. याद्यांच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडते.

१४/
कल्याणीच्या पूर्वेला बीदर आहे. तेथील बिदरी कामात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात दिसतो. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. सोळास एक हे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. ओतीव भांडे मोरचुदाने तात्पुरते काळे करायचे, म्हणजे नक्षीची रेघ उठून दिसते. रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, भांडे घासून साफ करायचे. शेवटी नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील माती यांच्या लेपाने धातू कायमचा काळा होतो. चांदी मात्र पांढरीच राहते.

१५/
मोरचूद लागतो, पण भांड्यात उरत नाही, मेणासारखाच. माती लागते आणि तीही कोणतीही चालत नाही. कारागीर किल्ल्याच्या जुन्या, ऊनपावसापासून आडोशाला असलेल्या भागातील मातीच निवडतात. यादीत नुसते ‘माती’ लिहिले तर यादी वाचता येईल, भांडे मात्र काळे होणार नाही. ‘याला पर्याय नाही’ ही नोंद वस्तूच्या नावाइतकीच महत्त्वाची असते. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे या मातीच्या ओळीचाही वाटा आहे, असे म्हणता येईल.

१६/
मूर्तीच्या यादीत दहा-बारा ओळी असतात, त्या माणूस लक्षात ठेवतो. विसाव्या शतकातील यंत्रांत हजारो भाग आले आणि भागांच्या पोटात भाग आले. हे नाते गणिताने मांडणारा हंगेरीत जन्मलेला अमेरिकी गणितज्ञ अँड्र्यू वाझोनी. त्याने गंमत म्हणून त्याचे श्रेय ‘झेपार्टझाट गोझिंटो’ नावाच्या इटालियन गणितज्ञाला दिले. असा गणितज्ञ नव्हताच. ‘द पार्ट दॅट गोज इन्टू’ हे इंग्रजी शब्द भरभर म्हटले की हे नाव तयार होते. अमुक भाग तमुकात जातो, एवढाच त्याचा अर्थ. त्या आकृत्यांना पुढे ‘गोझिंटो’ हेच नाव पडले.

१७/
दुसरा टप्पा जोसेफ ऑर्लिकी यांचा. १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाने सामग्रीच्या गरजेचे नियोजन, म्हणजे ‘एमआरपी’, जगभर पोहोचले. मुद्दा साधा होता. तयार वस्तूला मागणी किती येईल याचा अंदाज बांधावा लागतो. तिच्या भागांची मागणी मात्र अंदाजाने धरायची नसते, ती यादीवरून मोजायची असते. शंभर सायकली करायच्या तर चाके दोनशे, त्यात अंदाज कसला? पण हे तेव्हाच खरे, जेव्हा यादीत एका सायकलीपुढे दोन चाके लिहिलेली असतील. यादी चुकली की संगणक तीच चूक मोठ्या वेगाने आणि मोठ्या संख्येने करतो.

१८/
मोठ्या यादीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्रमोहिमेचे. सॅटर्न-५ अग्निबाणात सुमारे ३० लाख भाग होते. अपोलोची ही अवाढव्य यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने १९६६ पासून यान बनविणारी नॉर्थ अमेरिकन कंपनी आणि कॅटरपिलर यांच्यासह एक माहितीप्रणाली उभी केली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे तिच्या पडद्याविना चालणाऱ्या टंकयंत्रावर ‘तयार’ असा पहिला संदेश उमटला. ‘आयएमएस’ नावाची ती प्रणाली पुढे बँकांच्या व्यवहारांतही रुजली. चंद्रावर जाण्याच्या तयारीत माणसाला आधी यादी सांभाळायला शिकावे लागले.

१९/
आणि तरीही यादीतील एक बदल खालपर्यंत पोहोचला नाही. अपोलोच्या प्राणवायूच्या टाकीतील तापक आणि त्याची तापनियंत्रक कळ आरंभी २८ व्होल्टसाठी ठरली होती. १९६५ मध्ये सुधारित विनिर्देश निघाला की जमिनीवरील कामात टाकीला ६५ व्होल्टचा पुरवठा दिला जाईल. कळ मात्र २८ व्होल्टचीच राहिली. टाकी बनविणाऱ्यांच्या ते ध्यानात आले नाही आणि वरच्या कोणत्याही तपासणीतही ते पकडले गेले नाही.

२०/
मार्च १९७० मध्ये उड्डाणापूर्वी ती टाकी नेहमीच्या रीतीने रिकामी होईना, म्हणून तापक सुमारे आठ तास चालू ठेवला. ६५ व्होल्टखाली कळ उघडताना वितळून चिकटली. टाकीतील तापमान ५०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असावे असा चौकशीचा निष्कर्ष आहे. समोरच्या मापकावर मात्र ३० अंशांच्या वरचा आकडा दिसण्याची सोयच नव्हती. आतल्या तारांचे आवरण जळाले. ११ एप्रिलला अपोलो-१३ निघाले आणि पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून दूर असताना त्या टाकीचा स्फोट झाला. चंद्रावर उतरणे रद्द झाले. तिघे अंतराळवीर १७ एप्रिलला कसेबसे सुखरूप परतले.

२१/
यादी ‘राखणे’ म्हणजे काय, ते या एका कळीवरून कळते. एखाद्या वस्तूचा विनिर्देश बदलला की तो बदल तिच्या पोटातील प्रत्येक भागाशी ताडून पाहायचा. एखादा भाग बदलला की तो आणखी कोणकोणत्या वस्तूंत वापरला जातो ते उलट दिशेने शोधायचे. बदल कोणत्या तारखेपासून किंवा कोणत्या क्रमांकाच्या नगापासून लागू, ते लिहायचे. जुनी यादी पुसायची नाही, कारण जुनी यंत्रे अजून चालू असतात आणि त्यांना जुनेच भाग लागतात. छाटणीत किती माल वाया जातो त्याचा आकडा अधूनमधून पुन्हा तोलायचा. आणि बदल कोणी व का केला, त्याचे नाव व कारण ठेवायचे.

२२/
हे काम कंटाळवाणे आहे आणि ते बरोबर झाले तर कोणाच्या नजरेतही येत नाही. म्हणूनच ते टाळले जाते. गोदामात उभा असलेला माणूस पाहतो की यादीत चार बोल्ट आहेत आणि जोडणारा सहा नेतो. त्याने सांगितले आणि कोणी ते नोंदवले, तर यादी जिवंत राहते. त्याने दोन बोल्ट गुपचूप जास्तीचे दिले, तर त्या दिवसाचे काम भागते. पुढच्या महिन्यात मात्र बोल्ट संपतात आणि का संपले ते कोणालाच उमगत नाही. मुशीत मूठभर धातू अधिक टाकणारा ओतकामगार आणि हा माणूस एकाच जागी उभे आहेत.

२३/
आज हा विषय मराठवाड्याच्या दाराशी आला आहे. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. रेल्वेच्या एका डब्यात हजारो भाग असतात. भारतीय रेल्वेच्या भांडारात सुट्या भागांना आठ अंकी क्रमांक असतात, म्हणजे एकच वस्तू दोन नावांनी दोनदा मागवली जाऊ नये. मुखेड, अहमदपूर, उदगीरकडची मुले असल्या कारखान्यांत कामाला लागतील, तेव्हा त्यांतील काहींच्या वाट्याला वेल्डिंगची बंदूक येईल आणि काहींच्या वाट्याला ही यादी. दुसरे काम पहिल्याहून हलके मानण्याचे कारण नाही.

२४/
इतिहास वाचणाऱ्यांनाही येथून एक सवय घेता येते. पुण्याच्या पुरालेखागारातील मोडी दप्तरांत ‘यादी’ हा कागदाचा एक नेहमीचा प्रकार आहे. दारूगोळा, लाकूड, कापड, लग्नाचा शिधा, साऱ्याच्या याद्या. बखरीतील लढाईपुढे त्या रुक्ष वाटतात, म्हणून नवे वाचक त्या ओलांडून जातात. पण यादी तोलता येते. तिच्यातले आकडे वस्तूशी ताडून पाहता येतात. आणि ती जेथे जुळत नाही, तेथे तिच्यामागचा माणूस दिसू लागतो. यादी कोणी लिहिली, कोणी वापरली, आणि कोणी दुरुस्त केली, हे तीन प्रश्न प्रत्येक यादीला विचारावेत.

२५/
कल्याणीच्या ग्रंथाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर मूर्तींच्या रूपाने देवघरांत आणि संग्रहालयांत आहे. तिसऱ्याचे उत्तर मिळत नाही, कारण त्या काळी दुरुस्ती लिहून ठेवण्याची जागाच यादीत नव्हती. आज ती जागा आहे. प्रत्येक नियोजन-सॉफ्टवेअरमध्ये बदलाची तारीख, कारण आणि नाव यांसाठी रकाना असतो. तो भरणे मात्र अजूनही माणसाच्याच हाती आहे.

#इतिहास #मराठवाडा #मानसोल्लास #थ्रेड_समाप्त